बॅलन्स ट्रान्सफर : विकत घेतलेली मुदत

(मंडळीच्या मासिक सभेत दिलेल्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन. शेवटी श्रोत्यांचे तीन प्रश्न व त्यांची उत्तरे दिली आहेत.)



आजचा विषय सिनेगॉगच्या सभागृहात सहसा निघत नाही. लग्नकार्य, आजारपण, मुलांचे शिक्षण यांविषयी आपण एकमेकांशी मोकळेपणाने बोलतो. परंतु क्रेडिट कार्डावर किती देणे थकले आहे, हे कित्येक घरांत नवरा बायकोला सांगत नाही आणि बायको नवऱ्याला. माझा व्यवसाय हिशेबनिसाचा. कराचे कागद घेऊन येणारी मंडळी काम आटोपल्यावर, उठता उठता, आवाज उतरवून विचारतात, "टपालाने हे पाकीट आले आहे. शून्य टक्के व्याज म्हणतात. घ्यावे काय?" न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीतील आपल्या बहुतेक घरांत असली पाकिटे येत असतात. त्यांतील प्रस्तावास येथे 'बॅलन्स ट्रान्सफर' म्हणतात, आणि तो घ्यावा की न घ्यावा याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' अशा एका शब्दात देता येत नाही. म्हणून आज जरा बैजवार सांगतो.

बॅलन्स ट्रान्सफर म्हणजे एका बँकेच्या कार्डावरील आपली थकबाकी दुसऱ्या बँकेने फेडावी आणि तेवढेच देणे आपल्या नावे स्वतःच्या कार्डावर लिहावे, असा व्यवहार. आपल्या हाती रोख रक्कम येत नाही. नवी बँक जुन्या बँकेस पैसे पाठविते. जुन्या कार्डाचा हिशेब शून्यावर येतो, नव्याचा तेथून सुरू होतो. या कामाबद्दल नवी बँक शुल्क घेते. ते बहुधा हस्तांतरित रकमेच्या ३ ते ५ टक्के असते आणि देण्यातच मिळविले जाते. मोबदल्यात ठरावीक काळ, बहुधा १२ ते २१ महिने, त्या रकमेवर व्याज आकारले जात नाही. तो काळ संपताच जे उरले असेल त्यावर कार्डाचा नेहमीचा दर सुरू होतो, आणि तो जुन्या कार्डाच्या दराहून फारसा कमी नसतो.

म्हणजे या व्यवहाराने कर्ज एका डॉलरनेही कमी होत नाही. शुल्काएवढे ते वाढतेच. आपण विकत घेतो ती बिनव्याजी मुदत, आणि शुल्क ही त्या मुदतीची किंमत. एवढे ध्यानात ठेवले की पाकिटावरील मोठ्या अक्षरांचा प्रभाव पुष्कळ ओसरतो.

आता आकडे पाहू. समजा, एका कुटुंबाची एका कार्डावर ९,००० डॉलर थकबाकी आहे आणि व्याजदर वार्षिक २४ टक्के आहे. अवघड वाटतो, पण आज हा दर मुळीच असामान्य नाही. वर्षाला २४ म्हणजे महिन्याला सुमारे २ टक्के. पहिल्याच महिन्यात १८० डॉलर केवळ व्याजाचे झाले. पुष्कळ बँकांत किमान हप्ता हा त्या महिन्याचे व्याज अधिक मुद्दलाचा एक टक्का असा ठरतो. तेव्हा पहिला किमान हप्ता २७० डॉलरचा येईल. ते भरले की मनुष्यास वाटते, आपण आपले कर्तव्य केले. वस्तुतः २७० भरून कर्ज ९० डॉलरनेच घटले. पुढील महिन्यात हप्ता थोडा उतरतो, त्याच्या पुढच्यात आणखी थोडा. आणि हप्ता जसजसा उतरतो तसतशी फेडही मंदावते. किमान हप्त्याचा तळ ३५ डॉलर धरून मी हा हिशेब शेवटपर्यंत केला. एकही नवी खरेदी न करता, एकही हप्ता न चुकविता, कर्ज फिटण्यास २१ वर्षांहून अधिक काळ लागतो आणि ९,००० च्या मुद्दलावर सुमारे १६,४०० डॉलर व्याज जाते. आज पाळण्यात असलेले मूल पदवीधर होईल तेव्हाही हे देणे संपलेले नसेल.

जुन्या मुंबई इलाख्यात हिंदू ऋणकोंना 'दामदुपट' या नियमाचे संरक्षण असे: सावकारास एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करता येत नसे. तो नियम थकलेल्या व्याजापुरता होता, हप्त्याहप्त्याने दिल्या गेलेल्या व्याजास तो अडवीत नव्हता, त्यामुळे तुलना अगदी काटेकोर नाही. तरी ज्या समाजाने अशी मर्यादा बांधली, त्याला व्याजाची जात चांगली ठाऊक होती. शब्दांतही ती ओळख राहिली आहे. हिब्रू भाषेत व्याजाला 'नेशेख' म्हणतात, आणि त्याचे मूळ 'चावणे' या धातूत आहे. आपल्या मराठीतला 'व्याज' शब्द संस्कृतात निमित्त किंवा कपट या अर्थी येतो. 'व्याजस्तुती' अलंकार शाळेत शिकलेल्यांना तो आठवेल. असो.

आपल्याच उदाहरणातील कुटुंबाने किमान हप्ता सोडून दरमहा ४५० डॉलर ठाम भरण्याचे ठरविले, तर जुन्या कार्डावरच कर्ज २६ महिन्यांत फिटते आणि व्याज सुमारे २,६०० डॉलर होते. याच कुटुंबाने ३ टक्के शुल्क देऊन, १८ महिने शून्य व्याजाच्या कार्डावर रक्कम हलविली, तर देणे ९,२७० होईल. दरमहा तेच ४५० भरत गेल्यास १८ महिन्यांनंतर १,१७० डॉलर उरतात. ते नेहमीच्या दराने आणखी तीन महिन्यांत संपतात. शुल्क व शेवटचे व्याज मिळून एकूण खर्च सुमारे ३१५ डॉलर. खिशातून दरमहा जाणारी रक्कम एकच असून २,६०० च्या जागी ३१५. ही बचत खरी आहे, आणि म्हणूनच मी या योजनेस फसवणूक म्हणणार नाही.

परंतु पुनः एकवार पाहा. २१ वर्षांचे २६ महिने झाले ते ४५० डॉलरच्या ठाम हप्त्यामुळे. त्यात बॅलन्स ट्रान्सफरचा काहीच वाटा नव्हता. २,६०० चे ३१५ झाले, तेवढे मात्र त्याचे श्रेय. ज्याने हप्ता ठरविला नाही आणि नव्या कार्डावरही किमानच भरीत राहिला, त्याच्यासाठी १८ महिने पाहता पाहता निघून जातात; बहुतेक सारे देणे जागच्या जागी असते, वर शुल्क चढलेले असते. नव्या बँकेचा हिशेब अशाच ग्राहकांवर उभा आहे. शुल्क तिला तत्काळ मिळते, नव्या खरेदीवर दुकानदारांकडून तिचा वाटा मिळतो, आणि ज्यांचे देणे मुदतीत फिटत नाही ते पुढे वर्षानुवर्षे व्याज देतात. तेव्हा पाकीट हाती आले की पहिली कृती अर्ज भरण्याची नसावी. देणे अधिक शुल्क, भागिले महिने, हा भागाकार कागदावर करावा. ९,२७० भागिले १८, म्हणजे ५१५. दरमहा ५१५ डॉलर घरखर्चातून खरोखर निघतात काय? निघत नसतील तर किती निघतात, आणि मुदतीअखेर किती उरेल? हा भागाकार नवराबायकोने एकत्र बसून करावा. एकट्याने केलेला भागाकार पुढच्या सणाला मोडतो. 'ऋण काढून सण' ही म्हण आपल्या आजीपणजींनी कोकणातून सोबत आणली, पण ती केवळ इतरांस ऐकविण्यासाठी नसावी.

कोणी विचारील, न्यूयॉर्क राज्यात तर व्याजास कायद्याची मर्यादा आहे, मग २४ टक्के कसे? प्रश्न रास्त आहे. या राज्यात साधारणतः १६ टक्क्यांवरील व्याज दिवाणी कायद्याने अवैध ठरते आणि २५ टक्क्यांवरील व्याज हा फौजदारी गुन्हा आहे. परंतु १९७८ साली मार्क्वेट नॅशनल बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की राष्ट्रीय बँक ज्या राज्यात स्थित असेल, त्या राज्याचा दर तिला इतर राज्यांतील ग्राहकांसही लावता येतो. पाठोपाठ साउथ डकोटा राज्याने आपली व्याजमर्यादा उठविली, आणि न्यूयॉर्कच्या सिटीबँकेने आपला कार्डांचा कारभार तेथील सू फॉल्स गावी नेला. १९८१ मध्ये डेलावेअरनेही बँकांना अनुकूल असा कायदा केला. आपले पत्रक कोठून येते तो पत्ता कधी वाचून पाहा. या दोन राज्यांची नावे वारंवार दिसतील. क्वीन्समध्ये राहणाऱ्या ग्राहकास क्वीन्सचा कायदा तेथे उपयोगी पडत नाही.

कायद्याने सारेच सोडून दिले आहे, असे मात्र नाही. २००९ साली काँग्रेसने क्रेडिट कार्डांविषयी जो कायदा केला, ज्याला येथे कार्ड ॲक्ट म्हणतात, त्याच्या मुख्य तरतुदी फेब्रुवारी २०१० पासून अमलात आल्या. सवलतीचा दर किमान सहा महिने टिकला पाहिजे. किमान हप्त्याहून अधिक भरलेली रक्कम बँकेने सर्वांत चढ्या व्याजाच्या देण्याकडे प्रथम वळविली पाहिजे. पूर्वी बँका ती स्वस्त देण्याकडे वळवून महाग देणे राखून ठेवीत. आणि प्रत्येक मासिक पत्रकावर एक चौकट छापली पाहिजे: केवळ किमान हप्ता भरल्यास किती वर्षे लागतील, आणि ३६ महिन्यांत फेडावयाचे असल्यास दरमहा किती भरावे लागेल. आपल्या उदाहरणात ती दुसरी रक्कम सुमारे ३५३ डॉलर येईल. घरी गेल्यावर ती चौकट शोधा. माझ्या मते सबंध पत्रकातील तेवढाच भाग ग्राहकासाठी लिहिलेला असतो.

अर्जाबरोबरही एक तक्ता येतो, त्याला शूमर बॉक्स म्हणतात. ब्रुकलिनचे तेव्हाचे काँग्रेस सदस्य चार्ल्स शूमर यांच्या पुढाकाराने १९८८ साली झालेल्या कायद्याने तो सक्तीचा केला. पाकिटावरील जाहिरात बाजूस ठेवून हा तक्ता वाचावा. त्यात मुदतीनंतरचा दर असतो, हस्तांतराचे शुल्क असते आणि खरेदीवरील दरही असतो. तक्त्याखालील मजकुरात आणखी एक महत्त्वाची गोष्ट असते: खाते उघडल्यापासून किती दिवसांत हस्तांतर केले तरच सवलत मिळेल. पुष्कळदा ६० दिवस असतात. कार्ड खणात ठेवून तीन महिन्यांनी अर्ज करणाऱ्यास सवलत मिळत नाही. शुल्कही वाढलेले असू शकते.

आता प्रत्यक्ष व्यवहारात पाय कोठे अडकतो ते सांगतो.

पहिली अडचण मर्यादेची. जाहिरात वाचून मनुष्य गृहीत धरतो की सबंध ९,००० डॉलर हलतील. नव्या कार्डाची मर्यादा किती मिळणार हे अर्ज मंजूर झाल्यावरच कळते. समजा ५,००० मिळाली. शुल्कही त्याच मर्यादेत बसावे लागते, म्हणून प्रत्यक्षात सुमारे ४,८५० डॉलरच हलविता येतात आणि ४,१५० जुन्या कार्डावर २४ टक्क्यांनी राहतात. अशा वेळी नव्या कार्डावर किमान हप्ता भरून उरलेली सारी शक्ती जुन्या कार्डावर लावावी. ते संपले की नव्याकडे वळावे. मन उलट सांगते, कारण नव्या कार्डाची मुदत डोळ्यांसमोर टिकटिकत असते. परंतु व्याज जेथे चावते आहे तेथेच प्रथम औषध लावावे. दरमहा ४५० डॉलरनेच हा हिशेब मी केला, तेव्हा एकूण खर्च सुमारे ७८० डॉलर आला. ३१५ नाही, तरी २,६०० पेक्षा पुष्कळच बरा. एकाच बँकेच्या एका कार्डावरून दुसऱ्यावर हस्तांतर सामान्यतः होत नाही, हेही येथेच सांगतो. कित्येक अर्ज केवळ तेवढ्यामुळे वाया जातात.

दुसरी गोष्ट संक्रमणकाळाची. हस्तांतर पूर्ण होण्यास काही दिवसांपासून दोन-तीन आठवडे लागू शकतात. त्या काळात जुन्या कार्डाचा हप्ता थांबवू नये. पैसे पोहोचल्यावरही जुन्या कार्डावर पुढील महिन्यात वीस-तीस डॉलरचे एखादे देणे दिसते. मागील पत्रकापासून पैसे पोहोचेपर्यंतचे ते व्याज असते. "खाते तर शून्य झाले होते," असे म्हणून ते टाकून दिले की त्यावर विलंबशुल्क लागते, आणि तेवढ्याशा रकमेने पतनोंदीवर डाग पडतो.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्या कार्डावर कर्ज हलविले, त्या कार्डाने काहीही विकत घेऊ नये. आपण दरमहा संपूर्ण देणे फेडत असतो तेव्हा खरेदीपासून देय तारखेपर्यंत व्याज लागत नाही, ही सवय आपल्याला असते. हस्तांतरित देणे कार्डावर असताना ती सूट बहुधा उरत नाही. खरेदीवरही वेगळी शून्य टक्क्यांची सवलत नसेल, तर आज घेतलेल्या भाजीवर आजपासूनच नेहमीच्या दराने व्याज सुरू होते. काही बँका खरेदीवरही सवलत देतात. पण मग देणे वाढत जाते आणि भागाकार मोडतो. नवे कार्ड पाकिटात ठेवूच नये, घरी कागदांच्या फायलीत ठेवावे.

चौथी गोष्ट तारखेची. हप्ता चुकला तर विलंबशुल्क लागते, आणि ६० दिवसांहून अधिक थकला तर बँकेस सवलतीचा दर काढून घेण्याचा अधिकार कायदाच देतो. म्हणून खात्यातून आपोआप हप्ता जाण्याची सोय करावी. ती करताना पडद्यावर 'किमान रक्कम' हा पर्याय आधीच निवडलेला असू शकतो. तो बदलून आपला ठरविलेला आकडा घालावा.

आणखी एक वेगळीच योजना याच वेशात येते, तिच्याविषयी सावध करतो. सामानाच्या मोठ्या दुकानांत किंवा दंतवैद्याकडे 'बारा महिन्यांत संपूर्ण फेडल्यास व्याज नाही' असे सांगतात. यातील 'फेडल्यास' हा शब्द नीट ऐका. तेथे व्याज माफ केलेले नसते, बाजूला मोजून ठेवलेले असते. मुदतीअखेर दहा डॉलर उरले तरी पहिल्या दिवसापासूनचे सबंध व्याज एकदम माथी बसते. बॅलन्स ट्रान्सफरच्या शून्य टक्क्यांत असे होत नाही. तेथे मुदतीनंतर उरलेल्या रकमेवर पुढील काळाचेच व्याज लागते. दोन्हींच्या जाहिराती शेजारी ठेवल्या तर फरक एका शब्दाचा दिसतो.

रुग्णालयाच्या बिलाविषयीही सांगितले पाहिजे, कारण आपल्या ज्येष्ठांच्या बाबतीत हे वारंवार घडते. बिल आले की मुलगा ते कार्डावर भरतो आणि मग कार्डाचे देणे बॅलन्स ट्रान्सफरने हलवितो. या घाईत बरेच काही हातचे जाते. धर्मादाय तत्त्वावर चालणाऱ्या रुग्णालयांना संघराज्याच्या कायद्यानुसार आर्थिक साहाय्याचे लेखी धोरण ठेवावे लागते. उत्पन्नानुसार बिल कमी होऊ शकते. हप्ते मागितल्यास ते बहुधा मिळतात, पुष्कळदा बिनव्याजी. न्यूयॉर्क राज्याने तर डिसेंबर २०२३ मध्ये कायदा करून वैद्यकीय देणी पतनोंदीत जाण्यास मनाई केली. परंतु तेच बिल साध्या क्रेडिट कार्डावर भरले की ते वैद्यकीय देणे राहत नाही, कार्डाचे देणे होते, आणि ही सारी कवचे गळून पडतात. म्हणून प्रथम रुग्णालयाच्या बिलविभागात जाऊन साहाय्याचा अर्ज मागावा. त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही.

आणि ज्यांचा भागाकार कोणत्याही प्रकारे जमत नाही त्यांचे काय? ज्यांची पतनोंद आधीच बिघडली आहे त्यांना ही कार्डे सहसा मिळतच नाहीत. ती चांगली पत असणाऱ्यांसाठी असतात. अशांनी एकामागून एक अर्ज करीत बसू नये, कारण प्रत्येक अर्जाची नोंद दोन वर्षे राहते. अर्जापूर्वी पात्रता अजमाविण्याची सोय बहुतेक बँका देतात, आणि तिने पतगुणांस धक्का लागत नाही. इक्विफॅक्स, एक्स्पीरियन व ट्रान्सयुनियन या तिन्ही संस्थांकडील आपली पतनोंद आठवड्यातून एकदा विनामूल्य पाहता येते. तीत चूक असल्यास आधी ती दुरुस्त करावी.

त्यांच्यासाठी दुसरा मार्ग म्हणजे ना-नफा तत्त्वावरील कर्जसल्लागार. नॅशनल फाउंडेशन फॉर क्रेडिट कौन्सेलिंग या संस्थेच्या सदस्यसंस्था देशभर आहेत. त्यांचा सल्लागार घराचा सबंध जमाखर्च पाहतो, आणि आवश्यक तर बँकांशी बोलून व्याजदर उतरवून सर्व कार्डांचा मिळून एकच हप्ता बांधून देतो. यात मुद्दल माफ होत नाही, पूर्ण फेडावे लागते. कार्डे बहुधा बंद होतात. मला ही पद्धत सभ्य वाटते. याउलट रेडिओवर 'तुमचे कर्ज निम्म्यावर आणून देतो' अशी जाहिरात करणाऱ्या कंपन्यांपासून दूर राहावे. त्या पुष्कळदा बँकेचे हप्ते थांबविण्यास सांगतात. तडजोड होईपर्यंत व्याज, दंड आणि प्रसंगी कोर्टाची नोटीस ग्राहकाच्या दारी येते. कर्ज मिटविण्यापूर्वीच शुल्क घेण्यास फोनवरून ही सेवा विकणाऱ्या कंपन्यांना २०१० पासून मनाई आहे, म्हणून आधी पैसे मागणाऱ्यास नमस्कार करून फोन ठेवावा. शिवाय माफ झालेली रक्कम करखात्याच्या दृष्टीने उत्पन्न ठरू शकते.

आपल्याच परंपरेतील एक मार्गही येथे आहे. हिब्रू फ्री लोन सोसायटी ही संस्था १८९२ साली न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात स्थापन झाली. ती न्यूयॉर्क परिसरातील रहिवाशांना, धर्म न पाहता, बिनव्याजी कर्ज देते. जामीन मात्र लागतात. कोणत्या कारणासाठी किती रक्कम मिळते, हे त्यांच्याकडे प्रत्यक्ष विचारावे. बॅलन्स ट्रान्सफरला शुल्क आहे, आणि मुदतीनंतर २४ टक्के दार ठोठावीत उभे असतात. येथे तसे काही नाही. पण जामीन मिळविण्यासाठी आपल्या माणसांना परिस्थिती सांगावी लागते, आणि आपले लोक तेथेच अडखळतात. अनोळखी बँकेस २४ टक्के देणे त्यांना चुलतभावास खरी स्थिती सांगण्याहून सोपे वाटते. जामीन राहणाऱ्यानेही एवढे समजून सही करावी की हप्ता थकल्यास देणे त्याच्यावर येते.

श्रोत्यांचे प्रश्न

एका भगिनीने विचारले : देणे नव्या कार्डावर गेले की जुने कार्ड बंद करावे काय?

पतगुणांचा विचार केला तर घाई करू नये. आपल्या एकूण मर्यादेपैकी किती भाग वापरात आहे याला मोठे वजन असते. जुने कार्ड बंद केले की मर्यादा घटते आणि तोच भाग मोठा दिसू लागतो. पण, बाई, आपण आपल्या घराला ओळखता. रिकामे कार्ड दिसले की खरेदी होते असा घरचा अनुभव असेल, तर ते बंद करावे. काही पतगुण उतरतील, ते पुढे भरून येतात. दोन कार्डांवर दोन कर्जे झाली तर ती इतक्या सहज उतरत नाहीत.

एका तरुणाने विचारले : मुदत संपत आली की तिसऱ्या बँकेकडे, मग चौथ्या बँकेकडे, असे हलवीत राहिले तर व्याज कधीच लागणार नाही ना?

कागदावर बरोबर आहे, आणि एकदा तसे करावे लागले तर त्यात वावगे नाही. परंतु दर वेळी ३ ते ५ टक्के शुल्क मुद्दलात चढते, आणि तिसरे कार्ड मिळेल याची हमी कोणी दिलेली नाही. नोकरी गेली, पत उतरली, किंवा बँकांनीच हात आखडता घेतला, तर त्याच महिन्यात सबंध देणे नेहमीच्या दरावर येते. एवढे सांगा, मागील हस्तांतरापासून आजपर्यंत मुद्दल किती घटले? अर्ध्याहून अधिक घटले असेल तर दुसऱ्यांदा हलविण्यास माझी हरकत नाही. जेवढ्यास तेवढे असेल, तर तिसऱ्या बँकेपेक्षा मघाशी सांगितलेल्या सल्लागाराकडे जावे.

एका ज्येष्ठ बंधूंनी विचारले : माझ्या मुलाच्या कार्डावरील देणे मला माझ्या कार्डावर घेता येईल काय? माझी पत चांगली आहे, त्याची नाही.

काका, काही बँका दुसऱ्याच्या नावचे देणे हलवू देतात. पण हलले की ते आपले देणे झाले. बँकेच्या लेखी मुलाचा त्याच्याशी काही संबंध उरत नाही. तो आपल्याला दरमहा देईल, हा करार केवळ आपल्या दोघांतला. आपले उत्पन्न सोशल सिक्युरिटीचे असेल, तर खाजगी सावकारांना त्यावर सहसा जप्ती आणता येत नाही; परंतु बचतीला तसे संरक्षण नाही, आणि मुलाचे हप्ते भरण्यास आपण ती बचत स्वतःच मोडाल, कारण आपल्याला थकबाकीची सवय नाही. मदत करावयाची असेल तर जेवढी झेपेल तेवढी रक्कम उघडपणे द्यावी आणि ती परत येणार नाही असे धरून द्यावी. सुनेलाही ते ठाऊक असावे. त्याआधी मुलाची सर्व कार्डांची पत्रके एकत्र मागवून पाहावीत. पहिल्यांदा सांगितलेला आकडा बहुधा पूर्ण नसतो. पुढील रविवारी सभेनंतर मी वाचनालयाच्या खोलीत दोन तास बसणार आहे. त्याला पत्रके घेऊन पाठवा. हवे तर आपणही सोबत या.